भूपेन खख्खर : आपल्या बडोद्याचे हिशेबनीस चित्रकार

बडोद्यात चाळीस-पन्नास वर्षे काढलेल्या आपल्यापैकी किती जणांना भूपेन खख्खर हे नाव ठाऊक आहे? मी बँकेत असताना मला एवढेच माहीत होते की, हे गृहस्थ चार्टर्ड अकाउंटंट आहेत आणि चित्रे काढतात. बी.कॉम. झालेल्या माणसाला याचे नवल वाटणारच. डेबिट-क्रेडिट जुळवता जुळवता आमची तर संध्याकाळ व्हायची. रंगांना वेळ कुठला?

खख्खर 1934 साली मुंबईत जन्मले. घरच्यांची अपेक्षा साधी होती, मुलाने शिकून स्थिर व्हावे. तसे ते झालेही. पण चित्रकार गुलाममोहम्मद शेख यांच्याशी मैत्री झाली आणि त्यांच्याच सांगण्यावरून 1962 साली ते बडोद्याला आले. महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या फाइन आर्ट्स फॅकल्टीत त्यांनी कलासमीक्षेचा अभ्यासक्रम घेतला. म्हणजे चित्रकलेचे रीतसर शिक्षण नाहीच! पोटासाठी एका खासगी कारखान्यात अर्धवेळ हिशेब लिहीत आणि उरलेल्या वेळात चित्रे काढत. सुरुवातीला तर बाजारात मिळणाऱ्या देवादिकांच्या तसबिरी कापून, चिकटवून त्यांनी कोलाज केले. पुढे तैलरंग, जलरंग, छापचित्रे, मातीकाम, शिवाय गुजरातीत कथा आणि नाटक असा त्यांचा पसारा वाढत गेला.

1972 च्या सुमाराची त्यांची चित्रे आपल्या ओळखीची वाटतात. घड्याळ दुरुस्त करणारा, शिंपी, न्हावी. एका चित्राचे नावच ‘जनता वॉच रिपेअरिंग’. दुकानाची पाटी जशीच्या तशी. बँकेच्या काउंटरवर पासबुक घेऊन उभी राहणारी ही माणसे. आम्ही त्यांच्या सह्या तपासल्या, चेहरे मात्र पाहिले नाहीत.

आता मुख्य गोष्ट, जी आपण बडोदेकर दबक्या आवाजात बोलतो किंवा बोलतच नाही. खख्खर समलिंगी होते. ते त्यांना तरुणपणापासून ठाऊक होते, पण उघड बोलणे पन्नाशी जवळ येईपर्यंत जमले नाही. 1979 मध्ये ते इंग्लंडला राहून आले. तिथे पुरुष-पुरुष उघडपणे एकत्र राहताना त्यांनी पाहिले. 1980 मध्ये आई वारली. 1981 साली त्यांनी ‘यू कान्ट प्लीज ऑल’ हे चित्र काढले, तेव्हा ते 47 वर्षांचे होते.

या चित्रात गच्चीवर एक विवस्त्र पुरुष पाठमोरा उभा आहे आणि खाली बाप, मुलगा व गाढवाची गोष्ट चालली आहे. आपण ती शाळेत वाचली आहे: बाप बसला तरी लोक बोलतात, मुलगा बसला तरी बोलतात, दोघे चालले तरी बोलतात. गच्चीवरचा माणूस हे सगळे नुसते पाहतो आहे. अंगावर कपडा नाही, म्हणजे लपवायला काही उरलेले नाही. त्या काळी भारतीय दंडविधानाच्या 377 कलमाखाली समलिंगी संबंध गुन्हा होता. सर्वोच्च न्यायालयाने सज्ञान व्यक्तींच्या संमतीने असलेल्या संबंधांना त्यातून वगळले ते 6 सप्टेंबर 2018 रोजी. खख्खर तोवर हयात नव्हते.

पुढच्या वर्षीचे ‘टू मेन इन बनारस’ आणखी धीट आहे. 1987 च्या ‘ययाति’ चित्राचे नाव ऐकून आपल्याला खांडेकर आठवतील, पण इथे म्हातारपण आणि तारुण्याची ती देवघेव दोन पुरुष देहांत दिसते. मला ही चित्रे पाहताना अवघडल्यासारखे झाले, हे लपवत नाही. मग माझ्या शाखेतला एक सहकारी आठवला. त्याने लग्न केले नाही. जेवणाच्या सुट्टीत आम्ही त्याची थट्टा करायचो, स्थळे सुचवायचो. तो हसायचा आणि डबा उचलून लवकर आत जायचा. तो तसा होता की नव्हता, मला ठाऊक नाही. आम्ही कधी विचारले नाही, आणि विचारले असते तरी त्याने आम्हाला का सांगावे?

खख्खरांना 1984 मध्ये पद्मश्री मिळाली. ‘यू कान्ट प्लीज ऑल’ लंडनच्या टेट संग्रहालयाने घेतले आणि 2016 मध्ये त्याच नावाने तिथे त्यांचे मोठे प्रदर्शन भरले. तिथल्या एका मोठ्या वर्तमानपत्राने ते सपाटून झोडपले, म्हणजे नाव सार्थ झाले! त्याच टेटमध्ये 2020 साली दक्षिण आफ्रिकेच्या झनेले मुहोली यांचे प्रदर्शन झाले. कृष्णवर्णीय समलिंगी स्त्रिया आणि तृतीयपंथी यांची छायाचित्रे हे त्यांचे आयुष्याचे काम. देश वेगळा, माध्यम वेगळे, पण खख्खरांसारखेच त्यांनीही ही माणसे थेट समोर आणून उभी केली.

शेवटच्या वर्षांत खख्खरांना कर्करोग झाला. तरी हात थांबला नाही. आजारी, जखमी शरीरे चित्रांत येऊ लागली. 8 ऑगस्ट 2003 रोजी ते बडोद्यातच गेले. त्या दिवशी मी बाजव्याहून नेहमीसारखा कामावर गेलो होतो.