शुद्धलेखन आणि मुलांचे आत्मप्रकटीकरण

सुरतेच्या उत्तरेस, तापी नदीपलीकडे कोसाड वसले आहे. कामधंद्यानिमित्त खानदेशातून आलेली अनेक मराठी कुटुंबे सुरत परिसरात स्थायिक झाली आहेत. अशा कुटुंबांतील पुष्कळ मुलांच्या कानी घरात अहिराणी, तर रस्त्यावर गुजराती पडते. नगर प्राथमिक शिक्षण समिती तेथे मराठी माध्यमाच्याही शाळा चालविते. शाळेच्या वहीत मात्र प्रमाण मराठीची अपेक्षा असते. मुलांच्या लेखनात शुद्धतेला किती महत्त्व द्यावे, हा सर्वच शिक्षकांपुढील प्रश्न येथे अधिक बिकट होतो.

समजा, एखाद्या मुलाने लिहिले, ‘मायने फूले आणली.’ यातील ‘माय’ ही चूक नव्हे. तो त्याच्या घरचा शब्द आहे. ‘फूले’ या चुकीलाही कारण आहे. गुजरातीत ‘फूल’चे अनेकवचन ‘फूलो’ होते व ऊकार दीर्घच राहतो. मराठीत मात्र शब्दाचे रूप बदलताच तो ऱ्हस्व होतो : फूल, फुले, फुलांचा. दोन्ही शब्दांवर तांबडी शाई फिरली, तर मूल पुढच्या खेपेस ‘गाय दूध देते’ एवढेच बिनचूक वाक्य लिहील. वही शुद्ध होईल. परंतु तीतून मूल नाहीसे होईल.

म्हणून नियम गौण ठरत नाहीत. ‘सूत’ म्हणजे धागा आणि ‘सुत’ म्हणजे पुत्र. एका उकाराने अर्थ पालटतो. गावी आजीला धाडलेले पत्र किंवा कचेरीत दिलेला अर्ज वाचणाऱ्यास नेमका कळावा, यासाठीच शुद्धलेखन असते. मात्र नियम हा समाजाने केलेला करार आहे, बुद्धीची कसोटी नव्हे. गुजरात विद्यापीठाचा जोडणीकोश 1929 साली निघाला. मराठी साहित्य महामंडळाचे 14 नियम 1962 मध्ये मान्य झाले व 1972 मध्ये त्यांत आणखी 4 नियमांची भर पडली. मोठ्यांनाही ज्यासाठी इतका काळ लागला, ते मुलाने एका वर्षात आत्मसात करावे, ही अपेक्षा रास्त नाही.

यास्तव लेखनाचे दोन टप्पे करणे हितावह ठरते. पहिल्या वेळी शिक्षकाने केवळ आशय वाचावा व त्याविषयी एखादा प्रश्न विचारावा. दुसऱ्या वेळी एकच नियम घेऊन मुलाकडूनच चुका शोधून घ्याव्यात. फूल–फुले, सूत–सुताचा, पीठ–पिठाचे अशा जोड्या मुलांनी आपल्याच लेखनातून जमवाव्यात. श्रुतलेखनासाठी स्वतंत्र वेळ ठेवावा. भिंतीवर लावावयाची किंवा टपालात टाकावयाची प्रत मात्र पूर्णपणे शुद्ध करून घ्यावी.

पालकांनीही वही पाहताना आधी ‘काय लिहिलेस?’ असे विचारावे, ‘किती चुकले?’ हा प्रश्न त्यानंतरचा. सांगण्यासारखे काही आपल्यापाशी आहे, असे मुलाला वाटले, तरच ते नीट लिहिण्याचे कष्ट ते आनंदाने घेईल.