पॉवर बँक घेण्याआधी तराजू काढा



जूनची किंवा डिसेंबरची सुट्टी जवळ आली की भारतात न्यायच्या वस्तूंची यादी घरोघरी सुरू होते. चॉकलेटे, टायगर बाम, आणि हल्ली त्यात पॉवर बँकही असते. आजोबांच्या गावी वीज जाते, मामेभावाचा फोन कॉलेजातून येईपर्यंत मान टाकतो, शिवाय वस्तू छोटी, म्हणून भेट द्यायला सोयीची. मग सिम लिम स्क्वेअर, मुस्तफा, एखादा पासार मालाम किंवा ऑनलाइन दुकान यांत शोध सुरू होतो.

समजा, तिथे ओळखीच्या कंपनीची १०,००० एमएएचची पॉवर बँक तीस डॉलरला आहे. शेजारीच, कधी न ऐकलेल्या नावाची, ठळक अक्षरांत ५०,००० एमएएच लिहिलेली वीस डॉलरला आहे. माल पाचपट आणि किंमत कमी! घ्यावी का?

आम्ही संगणकाचे प्रोग्राम लिहिणारे लोक एक सवय लावून घेतो : बाहेरून आलेला आकडा तपासल्याशिवाय वापरायचा नाही. इथेही तेच करू. त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. स्वयंपाकघरातला वजनकाटा, घड्याळ आणि गुणाकार-भागाकार पुरतात.

एमएएच म्हणजे काय?

एमएएच म्हणजे मिलिअँपिअर-तास. १,००० एमएएच म्हणजे एक अँपिअर प्रवाह एक तासभर देण्याइतकी वीज. पण एवढ्यावरून सगळे कळत नाही.

गच्चीवरची पाण्याची टाकी डोळ्यांसमोर आणा. टाकीत किती लिटर पाणी आहे हा एक आकडा आणि टाकी किती उंचावर आहे हा दुसरा. पाणी तेवढेच असले तरी दहाव्या मजल्यावरून येणारे पाणी पहिल्या मजल्यावरून येणाऱ्यापेक्षा जास्त काम करू शकते. विजेच्या बाबतीत लिटरच्या जागी एमएएच समजा आणि उंचीच्या जागी व्होल्ट. दोन्हींचा गुणाकार केला की खरी ऊर्जा मिळते. ती वॅट-तासांत मोजतात.

पॉवर बँकेत लिथियम-आयन सेल असतात. असे सेल सोनी कंपनीने १९९१ साली प्रथम बाजारात आणले. ज्या तीन शास्त्रज्ञांच्या कामातून ते शक्य झाले, त्या गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांना २०१९ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. या सेलचा सरासरी दाब सुमारे ३.७ व्होल्ट असतो. तेव्हा :

१०,००० एमएएच = १० अँपिअर-तास
१० × ३.७ = ३७ वॅट-तास

हा ३७ आकडा लक्षात ठेवा. पुढे तो पुन्हा पुन्हा लागणार आहे.

दहा हजारांतले दहा हजार का मिळत नाहीत?

पुष्कळांची तक्रार असते की १०,००० ची पॉवर बँक ५,००० च्या फोनला दोनदा भरत नाही, म्हणजे फसवणूक झाली. ही फसवणूक नव्हे. सेल ३.७ व्होल्टचा असतो, पण यूएसबीतून साधारणपणे ५ व्होल्ट द्यावे लागतात. ३७ ला ५ ने भागा : ७.४. म्हणजे बाहेर पडताना ते ७,४०० एमएएच झाले. दाब वाढवण्याच्या कामात दहा-पंधरा टक्के ऊर्जा उष्णता होऊन जाते. राहिले साधारण ६,३०० ते ६,६००. फोन स्वतः भरून घेतानाही थोडी उष्णता होते. त्यामुळे चांगली १०,००० ची पॉवर बँक असा फोन साधारण १.४ वेळा भरते.

प्रामाणिक कंपन्या म्हणून दोन आकडे छापतात. सेलची क्षमता १०,००० आणि त्याखाली बारीक अक्षरांत ‘रेटेड कपॅसिटी’, सुमारे ६,०००. दुसरा आकडा लहान दिसतो म्हणून नाक मुरडू नका. तो छापला आहे ही चांगली खूण आहे.

पहिली परीक्षा : वजन

ऊर्जा साठवायला पदार्थ लागतो आणि पदार्थाला वजन असते. जाहिरात काहीही म्हणो, तराजू जाहिरात वाचत नाही.

बाजारातल्या नेहमीच्या चांगल्या पॉवर बँकांचे वजन आणि क्षमता ताडून पाहिली तर दर ग्रॅममागे साधारण ५० ते ६० एमएएच मिळतात. काही खास हलक्या आणि बहुधा महाग पॉवर बँका ७० पर्यंत जातात. म्हणून सोपा नियम असा :

वजन ग्रॅममध्ये घ्या आणि ६० ने गुणा. छापलेला आकडा त्याहून बराच मोठा असेल तर वस्तू खाली ठेवा.

या हिशेबाने १०,००० ची पॉवर बँक १७० ग्रॅमच्या आसपास किंवा जास्त भरायला हवी, २०,००० ची ३३० ग्रॅमच्या पुढे. मग ५०,००० ची? ५०,००० भागिले ६० म्हणजे ८३० ग्रॅमहून अधिक, जवळजवळ साखरेच्या एक किलोच्या पुडीइतकी! वीस डॉलरची ती पॉवर बँक समजा २५० ग्रॅम भरली, तर तिच्यात फार तर १५,००० एमएएच मावतील. आपल्याकडे म्हण आहे ना, ‘नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा’. नावात सोने, पण हातातला वाळा मात्र कथलाचा, म्हणजे स्वस्त धातूचा. ही पॉवर बँक म्हणजे तीच सोनुबाई.

ऑनलाइन घेतानाही वस्तूच्या वर्णनात वजन दिलेले असते. पैसे भरण्याआधी हा गुणाकार करता येतो.

एक सावधगिरी मात्र हवी. वजन कमी भरले तर आकडा खोटा, हे नक्की. वजन बरोबर भरले तर आकडा खरा, असे मात्र नाही. वजन वाढवण्यासाठी आत वाळू भरलेल्या पॉवर बँकाही सापडल्या आहेत. म्हणून दुसरी परीक्षा.

दुसरी परीक्षा : वेळ

ही वस्तू घरी आणल्यावर करायची. पॉवर बँक पूर्ण रिकामी करा. मग ती भरायला लावा आणि किती वेळ लागतो ते पाहा. तिच्यावर ‘इनपुट ५ व्होल्ट, २ अँपिअर’ लिहिले असेल तर ती जास्तीत जास्त १० वॅट आत घेते. तुमचा अडॅप्टर त्याहून कमी वॅटचा असेल तर त्याचा आकडा धरा. वॅट गुणिले तास, यापेक्षा जास्त ऊर्जा आत जाणे शक्य नाही.

खरी ५०,००० ची म्हणजे १८५ वॅट-तासांची पॉवर बँक १० वॅटने भरायला, वाया जाणारी ऊर्जा धरून, २० तासांहून अधिक वेळ लागेल. आपली सोनुबाई तीन तासांत ‘पूर्ण भरले’ म्हणू लागली तर? ३ × १० = ३० वॅट-तास आत गेले. पंधरा टक्के वजा करा, राहिले सुमारे २५. त्याला ३.७ ने भागा. उत्तर जवळपास ७,०००. म्हणजे ५०,००० चा सातवा हिस्सासुद्धा नीट भरत नाही.

आता किमतीचा हिशेब करा. ओळखीची पॉवर बँक : ३० डॉलर, ३७ वॅट-तास, म्हणजे एका वॅट-तासाला ८१ सेंट. सोनुबाई : २० डॉलर, २५ वॅट-तास, म्हणजे ८० सेंट. स्वस्त कुठे आहे? भाव तोच, माल कमी, आणि आतल्या सेलची खात्री नाही ती वेगळीच.

ही परीक्षा दिवसा, मोठ्यांच्या देखरेखीखाली करावी. वस्तू उशीवर किंवा गादीवर न ठेवता टणक, मोकळ्या जागी ठेवावी. हाताला चटका बसण्याइतकी तापली तर लगेच काढून टाकावी.

खरा प्रश्न पैशांपेक्षा मोठा आहे

पैसे गेले तर वीस डॉलर गेले. पण सेलच्या आत दोन पट्ट्या असतात आणि त्यांच्यामध्ये केसाहूनही पातळ असा प्लास्टिकचा पडदा असतो. तो फाटला किंवा वितळला तर आतच शॉर्ट सर्किट होते, सेल तापतो, उष्णतेने आणखी रासायनिक क्रिया होतात आणि हे चक्र आपोआप वाढत जाते. ते होऊ नये म्हणून चांगल्या पॉवर बँकेत संरक्षक सर्किट असते. सेल ४.२ व्होल्टच्या आसपास भरला की ते प्रवाह तोडते, फार रिकामा झाला तरी तोडते, शॉर्ट झाले किंवा फार तापले तरी तोडते. किंमत उतरवायची झाली की काटछाट बहुधा इथेच होते, किंवा जुने वापरलेले सेल नव्या पेटीत घातले जातात. बाहेरून यातले काहीच दिसत नाही. म्हणूनच क्षमतेचा आकडा महत्त्वाचा. जो डोळ्यांसमोरचा आकडा खोटा छापतो, त्याने न दिसणारे सर्किट खरे बसवले असेल यावर विश्वास कसा ठेवायचा?

नामांकित कंपन्यांच्या चुका होत नाहीत असे नाही. जून २०२५ मध्ये अँकर कंपनीने १०,००० एमएएचच्या एका मॉडेलच्या अकरा लाखांहून अधिक पॉवर बँका अमेरिकेत परत मागवल्या. त्याच महिन्यात चीनच्या रोमॉस कंपनीनेही सुमारे ४ लाख ९० हजार परत मागवल्या. फरक असा की तिथे मॉडेल नंबर होता, कंपनीचा पत्ता होता आणि परत बोलावणारे कोणीतरी होते. निनावी पॉवर बँकेला परत कोण बोलावणार?

विमानात काय होईल?

विमानात पॉवर बँक फक्त हातातल्या बॅगेत न्यायची, चेक-इनच्या सामानात कधीही नाही. १०० वॅट-तासांपर्यंत परवानगी लागत नाही, १०० ते १६० पर्यंत विमान कंपनीची परवानगी लागते आणि त्यापुढे नेताच येत नाही. १०० ला ३.७ ने भागा : सुमारे २७,००० एमएएच. बाजारात २७,००० च्या जवळपासचे आकडे का दिसतात, ते आता कळले ना?

मग ५०,००० ची, म्हणजे १८५ वॅट-तासांची? आकडा खोटा असेल तर पैसे गेले. खरा असेल तर ती विमानात नेता येणार नाही. म्हणजे भारतात भेट न्यायला ती दोन्ही बाजूंनी निरुपयोगी.

हे नियम उगीच झालेले नाहीत. २८ जानेवारी २०२५ रोजी दक्षिण कोरियातील गिम्हे विमानतळावर एअर बुसानच्या विमानाला उड्डाणापूर्वी आग लागली. सर्व १७६ जण बाहेर पडले, विमान मात्र जळाले. पॉवर बँकेच्या बॅटरीतील इन्सुलेशन निकामी होऊन ही आग लागली असावी, असे कोरियाच्या वाहतूक मंत्रालयाने त्या मार्चमध्ये सांगितले. सिंगापूर एअरलाइन्स आणि स्कूट यांनी १ एप्रिल २०२५ पासून विमानात पॉवर बँकेने फोन भरणे आणि पॉवर बँक स्वतः भरणे, दोन्ही बंद केले. नियम बदलत असतात, म्हणून निघण्यापूर्वी आपल्या विमान कंपनीचे ताजे नियम जरूर वाचा.

घेताना आणि टाकताना

१. वॅट-तास, रेटेड कपॅसिटी, इनपुट-आउटपुट, मॉडेल नंबर आणि कंपनीचे नाव हे पाचही छापलेले असावेत आणि वाचता यावेत.

२. वजन गुणिले ६० करून पाहावे.

३. सिंगापूरची ‘सेफ्टी मार्क’ खूण भिंतीत लावायच्या अडॅप्टरवर जरूर पाहा. पण तिच्यावरून पॉवर बँकेची क्षमता कळत नाही.

४. पावती जपून ठेवा. सिंगापूरमध्ये १ सप्टेंबर २०१२ पासून ‘लेमन लॉ’ आहे. वस्तू मिळाल्यापासून सहा महिन्यांत दोष दिसला, तर तो मुळातच होता असे धरले जाते आणि तसे नव्हते हे विक्रेत्याने सिद्ध करायचे असते. दाद लागली नाही तर ‘केस’ ही ग्राहक संघटना आहे, स्मॉल क्लेम्स ट्रायब्युनल्स आहेत. परदेशातल्या ऑनलाइन विक्रेत्यापुढे मात्र हा हक्क बजावणे अवघड जाते.

५. फुगलेली, वास येणारी किंवा वाकलेली पॉवर बँक वापरू नका आणि भारतात कोणाला ‘चालेल अजून’ म्हणून देऊ नका. उन्हात उभ्या केलेल्या गाडीत चांगलीही ठेवू नका.

६. जुनी पॉवर बँक एचडीबीच्या कचरा-शूटमध्ये टाकू नका. १ जुलै २०२१ पासून देशात ई-कचरा गोळा करण्याची योजना आहे. त्यासाठीच्या वेगळ्या पेट्यांवर काय चालते ते लिहिलेले असते.

बहुतेक घरांना १०,००० किंवा २०,००० ची, नाव-पत्ता असलेली पॉवर बँक पुरते. आजोबांच्या हाती जी वस्तू द्यायची ती रात्री त्यांच्या उशाशी असणार, एवढे लक्षात ठेवले की निवड आपोआप होते.

करून पाहा

मुलांनो, घरातल्या सर्व पॉवर बँका मोठ्यांना विचारून गोळा करा आणि प्रत्येकीचे वजन करा. वहीत चार रकाने आखा : छापील एमएएच, वजन, वजन × ६० आणि वॅट-तास. आता सांगा,

(अ) तुमच्या घरात सोनुबाई किती निघाल्या?

(आ) ३०,००० एमएएच, वजन ४२० ग्रॅम. आकडा पटतो का? पटला असता, तर विमान कंपनीची परवानगी लागली असती का?

वही पुढच्या वर्गाला घेऊन या. फळ्यावर सगळ्यांची उत्तरे मांडून पाहू.