दातेरी पट्टा आणि घरगुती कोरणयंत्र

गिरणीत दळण घेऊन जाणाऱ्या प्रत्येकाने पट्टा पाहिलेला असतो. जाते एकाएकी जड झाले की तो घसरतो. मोटर वाचते, म्हणून हे घसरणे उपकारकच ठरते. परंतु संगणकाच्या आकड्यांबरहुकूम लाकूड कोरणारे यंत्र, ज्यास सीएनसी म्हणतात, ते घरी उभारावयाचे असेल तर असा पट्टा कामाचा नाही. घरगुती यंत्रातील साधी स्टेपर मोटर हुकमाप्रमाणे पावले टाकते. पाते खरोखर तेथे पोहोचले की नाही, हे तिला कळत नाही. पट्टा थोडा जरी घसरला तरी पुढील सर्व अक्षरे तितकीच सरकतात आणि सागवानाची फळी फुकट जाते.

म्हणून दातेरी पट्टा. शिलाई यंत्रातील सुई व बॉबिन यांचा मेळ चुकू नये, यासाठी अमेरिकन अभियंता रिचर्ड केस याने तो १९४० च्या दशकात योजिला. पुढे १९६२ साली जर्मनीच्या ग्लास मोटारगाडीच्या इंजिनातही तो आला. २०११ साली एडवर्ड फोर्ड या अमेरिकन गृहस्थाने शेपोको नामक स्वस्त घरगुती यंत्र लोकांपुढे ठेवले, त्यातही असाच पट्टा आहे. तो रुळाच्या लांबीभर ताणून दोन्ही टोकांस पक्का बांधतात. मोटर गाड्यावर बसून त्याच पट्ट्यावरून गाडा ओढीत नेते. पुलीच्या दोन्ही अंगांस एकेक मोकळे चाक असते, त्यामुळे पट्टा पुलीला चांगला वेढा घालतो. निदान सहा दात गुंतलेले असावेत. नाहीतर जोर पडताच पट्टा दातावरून उडी मारतो.

हिशेब सोपा आहे. दोन दातांमधील अंतर २ मिलिमीटर, पुलीला २० दात. म्हणजे एका फेऱ्यात गाडा ४० मिलिमीटर जातो. मोटरीची २०० पावले, प्रत्येकाचे १६ भाग, म्हणजे ३२०० भाग. मिलिमीटरमागे ८० पडले. हा आकडा पाहून हुरळून जाऊ नये. चार किलो-सेंटिमीटर जोराची मोटर अशा पुलीवरून जेमतेम सहा किलोची ओढ देते आणि वेग वाढताच तीही घटते. मोटरीवर २० व पुढे ४० दातांची पुली घालून वेग निम्मा केला, तर ओढ दुप्पट होते.

खरा शत्रू मात्र ताण. पट्ट्याच्या पोटात काचतंतूंचे दोर असले तरी तो ताणला जातोच. लांबी दुप्पट केली तर ताण दुप्पट, रुंदी दुप्पट केली तर निम्मा. टोकाजवळ गाडा घट्ट आणि मध्यभागी सर्वांत लवचिक असतो. आणि आपण फळी ठेवतो ती नेमकी मध्येच! महागड्या मोटरीपेक्षा ६ ऐवजी ९ वा १५ मिलिमीटर रुंदीच्या पट्ट्यावर पैसा घालावा, असे आमचे मत आहे. ज्यांस धातू कापावयाचा आहे त्यांनी पट्ट्याचा नाद सोडावा. शेपोकोच्याच २०२२ सालच्या एका मोठ्या यंत्रात पट्टे जाऊन बॉल-स्क्रू आले.

फळी लावण्यापूर्वी एक परीक्षा करावी. पाते बंद ठेवून मोटरींस वीज द्यावी, गाड्यास डायल गेज टेकवावे आणि स्प्रिंगच्या काट्याने दोन किलो ओढावे. ओढ सोडताच काटा शून्यावर परतला, तर तो पट्ट्याचा ताण होय. पट्टा आखूड वा रुंद करावा. परतला नाही, तर कोठेतरी ढिलाई आहे. बहुधा पुलीचा ग्रब स्क्रू सैल असतो, किंवा गाडा रुळावर अडतो. सुरांसारखा घणघणेपर्यंत पट्टा आवळणे हा यावर उपाय नव्हे. त्याने मोटरीचे बेअरिंग लवकर झिजते.

उभ्या दिशेस पट्टा लावू नये. वीज जाताच मोटरीची पकड सुटते आणि जड पाते फळीत, क्वचित हातावरही, उतरते. बारीक आट्यांचा दांडा भाराने सहसा उलटा फिरत नाही. पहिल्या शेपोकोतही उभ्या दिशेस तोच होता.