जमिनीवर बसलेले देश
(तापमानवाढीचं राजकारण : लेखांक ४)

गेल्या आठवड्यात आपण २०१५चा पॅरिस करार पाहिला. तापमानवाढ २ अंशांच्या बरीच खाली ठेवायची, जमल्यास दीड अंशावर रोखायची, हे कलम वाचून समजतं. पण त्यासाठी एवढी ओढाताण का होते, हे समजायला स्वतःच वाटाघाटीला बसावं लागतं. अभिरूप संसदेसारखी अशी अभिरूप परिषद 'क्लायमेट इंटरॅक्टिव्ह' ही संस्था आणि एमआयटीचे प्राध्यापक जॉन स्टर्मन यांच्या गटाने तयार केली. नाव 'वर्ल्ड क्लायमेट'.

अमेरिका, युरोपीय संघ, इतर विकसित देश, चीन, भारत, इतर विकसनशील देश असे सहा गट पाडतात. श्रीमंत गटांसमोर टेबल, टेबलक्लॉथ, खाऊ. शेवटच्या गटाला खुर्चीसुद्धा नाही, तो जमिनीवर बसतो. प्रत्येक गटाने सांगायचं : आमचं उत्सर्जन कोणत्या वर्षी वाढायचं थांबेल, कधीपासून आणि वर्षाला किती टक्क्यांनी घटेल, जंगलतोड किती रोखू, वर्षाला १०० अब्ज डॉलरच्या निधीत किती घालू किंवा त्यातून किती मागू. भारताचा गट हमखास माणशी हिशेब काढतो, आणि काढायलाच हवा. आपलं माणशी उत्सर्जन दोन टनांच्या आसपास, अमेरिकेचं त्याच्या सहा-सात पट.

मग हे आकडे 'सी-रोड्स' या संगणकीय प्रारूपात भरतात. पहिल्या फेरीत उत्तर बहुधा २ अंशांच्या बरंच वर येतं आणि सभागृह चक्रावतं. सगळ्यांनीच तर काही ना काही सोडलेलं असतं! पण वातावरण म्हणजे भरत चाललेला हौद आहे. माणूस त्यात वर्षाला सुमारे ४० अब्ज टन कार्बन डायऑक्साइड ओततो. जंगलं आणि समुद्र मिळून साधारण निम्माच काढून घेतात. धार आहे तेवढीच ठेवली तरी पातळी चढतच राहते. एमआयटीचे पदव्युत्तर विद्यार्थीही इथे चुकतात, हे स्टर्मन यांनी दाखवून दिलं आहे. शेजाऱ्याशी घासाघीस करता येते, या बेरीज-वजाबाकीशी नाही.

समुद्र किती चढेल हे पडद्यावर दिसतं, तेव्हा जमिनीवरच्या गटावर निळं कापड पसरतात. त्यानंतरच्या फेरीत बोलण्याचा सूर बदलतो. आठ देशांतल्या दोन हजारांवर सहभागींचा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. काही करावंसं वाटण्याचा संबंध त्यात माहिती वाढण्याशी नव्हे, तर निकड जाणवण्याशी दिसला.

पर्यावरण हा विषय आपल्याकडे पदवीला सक्तीचा आहे. त्यातली एखादी प्रकल्पवही कमी करून तीन तास या परिषदेला द्यावेत. साहित्य आणि प्रारूप दोन्ही फुकट मिळतात. मात्र आपल्या मुलांना भारताच्या गटात बसवू नये. भारताची बाजू त्यांना पाठ असते. त्यांना अमेरिकेच्या टेबलाशी बसवावं आणि समोरून येणाऱ्या माणशी हिशेबाला उत्तर द्यायला लावावं.

पुढच्या आठवड्यात : २००९ साली कोपनहेगनमध्ये कबूल झालेल्या १०० अब्ज डॉलरचं काय झालं?