रक्तातला दाह आणि फुप्फुसाचा कर्करोग

हिंगोली, कळमनुरी किंवा वसमतच्या कोणत्याही प्रयोगशाळेतून मिळणारा सीबीसीचा कागद आपण सगळ्यांनी पाहिलेला असतो. हिमोग्लोबिनचा आकडा बघायचा आणि घडी घालून पिशवीत टाकायचा, एवढाच आपला त्याच्याशी संबंध. त्याच कागदावर ‘न्यूट्रोफिल’ आणि ‘लिम्फोसाइट’ अशा दोन ओळी असतात. पहिल्या आकड्याला दुसऱ्याने भागायचे. ७० आणि २० असतील तर उत्तर ३.५. हे गुणोत्तर जितके मोठे, तितके फुप्फुसाच्या कर्करोगाच्या रुग्णाचे पुढचे आयुष्य सरासरीने कमी, असे गेल्या वीसेक वर्षांतल्या अनेक अभ्यासांत दिसले आहे.

असे का व्हावे? १८६३ साली रुडॉल्फ विर्खो या जर्मन वैद्याने गाठींच्या आत पांढऱ्या पेशी असल्याचे नोंदवले आणि दाह व कर्करोग यांचे नाते सुचवले. १९८६ मध्ये अमेरिकेतल्या हॅरॉल्ड ड्व्होरॅक यांनी गाठीची तुलना कधीच न भरणाऱ्या जखमेशी केली. जखम झाली की शरीर न्यूट्रोफिल धाडते, नव्या रक्तवाहिन्या उभारते. गाठ हीच यंत्रणा स्वतःसाठी राबवून घेते. गाठीशी लढणाऱ्या पेशी मुख्यतः लिम्फोसाइट, त्या घटतात. म्हणजे भागाकारात वरचा आकडा गाठीला मदत करणाऱ्यांचा आणि खालचा तिच्याशी झुंजणाऱ्यांचा, असे ढोबळमानाने म्हणता येईल.

दुसरी खूण यकृतातली. दाहाचा निरोप पोचला की यकृत सीआरपी नावाचे प्रथिन भराभर बनवते आणि अल्ब्युमिन मागे पडते. (सीआरपीचा शोधही फुप्फुसाच्याच आजारातून लागला: १९३० साली, न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात.) ग्लासगोच्या संशोधकांनी २००३ मध्ये या दोहोंवरून गुण ठरवले, तेही शस्त्रक्रिया शक्य नसलेल्या फुप्फुसाच्या कर्करोगाच्या रुग्णांसाठीच. सीआरपी लिटरमागे १० मिलिग्रॅमच्या वर असेल तर एक गुण. अल्ब्युमिन लिटरमागे ३५ ग्रॅमच्या खाली असेल तर आणखी एक. शून्य उत्तम, दोन वाईट. मला ही पद्धत त्या गुणोत्तरापेक्षा अधिक प्रामाणिक वाटते, कारण खंगत चाललेल्या शरीराची दखल ती घेते. शिवाय तिच्या सीमारेषा ठरलेल्या आहेत. गुणोत्तराचे तसे नाही. कोणी ३ ला रेघ ओढतो, कोणी ५ ला.

आता आपल्या भागातली अडचण. दाह काही एकट्या कर्करोगाचा नसतो. क्षयरोग, न्यूमोनिया, पिकलेला दात, कशानेही हे आकडे वर जातात. केमोथेरपीबरोबर दिलेल्या स्टेरॉइडनेही न्यूट्रोफिल वाढतात आणि लिम्फोसाइट घटतात. एक्स-रेवरचा डाग टीबीचा समजून महिनोन्‌महिने गोळ्या खाल्लेले रुग्ण आपल्याकडे नवे नाहीत. या खुणा कर्करोग आहे की नाही ते सांगत नाहीत. निदान पक्के झाल्यावर, अंगात दुसरा संसर्ग नसताना, त्या फक्त अंदाज देतात. आणि तो अंदाज समूहाचा असतो. शंभर जणांची सरासरी खरी असली, तरी त्यातला एक जण किती जगेल हे ती सांगू शकत नाही.

आकडेमोड करणारा माणूस म्हणून गावात माझी ओळख आहे, त्यामुळे लोक रिपोर्ट घेऊन येतात. ‘भाऊ, सहा आलं. आता मुंबईला न्यावं का नाही? वावर विकावं लागंल.’ हा प्रश्न भागाकाराने सुटणारा नाही. उपचार कोणता लागू पडेल, हे गाठीचा तुकडा तपासल्यावर कळते. मुंबईच्या टाटा रुग्णालयाने २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत फुप्फुसाच्या कर्करोगाचे जवळजवळ निम्मे रुग्ण कधीच धूम्रपान न केलेले होते. अशांच्या गाठीत ईजीएफआर नावाच्या जनुकातला बदल अधिक वेळा सापडतो, आणि तो असेल तर रोजच्या गोळ्यांनी रुग्ण चांगला काळ काढू शकतो. गुणोत्तर सहा आले म्हणून ही तपासणीच टाळणे, हा या संशोधनाचा सर्वांत घातक उपयोग ठरेल.

हळदीबद्दल विचारणारेही पुष्कळ. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्याचा अभिमान मलाही आहे. हळदीतले कर्क्युमिन प्रयोगशाळेतल्या पेशींत दाह कमी करते हे खरे. पण खाल्लेल्या हळदीतले फारच थोडे रक्तात पोचते, आणि त्याने या रुग्णांचे आयुष्य वाढल्याचा पुरावा नाही. भाजीत घालावी. औषध बंद करून दुधात मात्र पिऊ नये.

मग या आकड्यांचे करायचे काय? अल्ब्युमिन घसरलेले दिसले तर आहाराचा प्रश्न डॉक्टरांपुढे लगेच मांडावा. रुग्णाला जेवण जात नसेल तर तेही सांगावे. सीआरपी चढलेले असेल तर लपलेला संसर्ग आहे का, हे विचारावे. एकाच कागदावर विसंबू नये; जुने सीबीसीचे कागद तारखेने लावून फाइलीत ठेवावेत, आणि त्या त्या वेळी स्टेरॉइड चालू होते का, ते कोपऱ्यात पेन्सिलीने लिहावे.