शाळेची सहल, लढाईच्या मैदानावर

आपल्या पोरांची सहल म्हणजे रायगड, प्रतापगड. इंग्लंडातली पोरं बेल्जियममधल्या ईप्र गावी जातात. पहिल्या महायुद्धाच्या शताब्दीला, २०१४ पासून काही वर्षे, प्रत्येक सरकारी माध्यमिक शाळेतून दोन मुलं आणि एक शिक्षक पाठवण्याची योजनाच तिथल्या सरकारनं केली होती.

निघण्याआधी मास्तर आपल्याच गावच्या स्मारकावरचं एक नाव मुलांना शोधायला लावतात. माणूस कोण, पलटण कुठली, कधी पडला? मग तिथं जाऊन त्याचा दगड हुडकायचा. दगड सगळे सारखे, साहेब असो की शिपाई. ज्यांचा देहच सापडला नाही अशा ५४ हजारांवर जणांची नावं मेनिन गेट कमानीवर आहेत. त्यात हिंदी जवानही आले. रोज रात्री आठला कमानीखालची रहदारी थांबवून बिगूल वाजवतात.

आपल्या मराठा पलटणी मुख्यतः मेसापोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात लढल्या. कुतच्या वेढ्यात (१९१५-१६) त्यांनी उपासमार काढली. तिथं काही आपली सहल जायची नाही. पण सातारा भागात गावोगावी जुनी पाटी दिसते : या गावातून इतके गेले, इतके कामी आले. आकडा आहे, नाव नाही. इंग्लंडच्या पोराला नाव आयतं मिळतं, आपल्याला ते घराघरांतून गोळा करावं लागेल.

ट्रंकेच्या तळाशी पणजोबांचं चांदीचं पदक असेल तर मोडीत घालू नका. त्याच्या कडेवर नंबर, नाव आणि पलटण कोरलेली असते. पोरांना भिंग देऊन वाचायला बसवा.