गाडीतले लाल बटण आणि रस्त्याकडेचा दगड



एरवी मी तुमच्याशी घाटेअळी, करपा, बीजप्रक्रिया अशा गोष्टी बोलतो. आजचा विषय वेगळा आहे, पण तोही तुमच्या घरचाच आहे. आता वस्तीवस्तीवर चारचाकी आली. कुणाची नवी, बहुतेकांची जुनी घेतलेली. रात्री पिकअपमध्ये टोमॅटो, फ्लॉवर, कोथिंबीर भरायची आणि पहाटेच्या लिलावाला पोचवायची, हे तर रोजचेच झाले. म्हणजे आपला निम्मा धंदा रात्री डांबरी रस्त्यावर चालतो. त्या रस्त्यावर गाडी अडली किंवा आपटली तर काय करायचे, हे मात्र आपल्याला कुणी शिकवलेले नाही. मलाही नव्हते. मागच्या वर्षी मार्गशीर्षात शिकलो.

कल्याणला एका लग्नाला गेलो होतो. गाडी माझ्या एका बागायतदार मित्राची. दोन वर्षांपूर्वी त्याने ती पुण्याच्या एका गृहस्थाकडून जुनी घेतलेली. पुढे आम्ही दोघे, मागे वहिनी. माळशेज घाट सुखरूप चढलो, ओतूर मागे टाकले. रात्रीचे साडेअकरा झाले असतील. समोर उसाची ट्रॉली! चाक पंक्चर झाले म्हणून चालकाने ती रस्त्यातच उभी केलेली. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, नुसता काळा डोंगर. मित्राने स्टिअरिंग फिरवले आणि गाडी कडेच्या चारीत उतरून बाभळीवर आदळली.

एअरबॅग उघडल्या. आम्ही दोघांनी पट्टे लावलेले होते. मागे कशाला पट्टा, म्हणून वहिनींनी लावलेला नव्हता. त्यांच्या कपाळातून रक्त येत होते. मित्र छाती धरून बसला होता आणि त्याला धड श्वास घेता येत नव्हता. तेवढ्यात मला आरशाच्या वरचे लाल बटण दिसले. त्यावर ‘एसओएस’ अशी अक्षरे. ते दाबले. दिवा लुकलुकला. पुन्हा दाबले. छतातून कुणीतरी बोलेल म्हणून कान देऊन बसलो. कुणी बोलले नाही.

नंतर उलगडा झाला तो असा. त्या सेवेची पहिल्या काही वर्षांची वर्गणी गाडीच्या किमतीतच धरलेली होती. ती पहिल्या मालकाच्या नावावर होती आणि माझ्या मित्राने गाडी घेण्याच्या आधीच संपली होती. बोअर आहे, मोटार आहे, पण वीज तोडलेली, तसा प्रकार.

मग मोबाईलवरून ११२ लावला. लगेच लागला. पलीकडची मुलगी शांत आवाजात म्हणाली, “सर, तुम्ही कुठे आहात?”

“ओतूरच्या पुढे, वळणावर, बाभळीपाशी.”

“तालुका कोणता?”

“जुन्नर.”

“रस्ता कोणता, सर? किलोमीटरचा दगड दिसतोय का?”

तीस वर्षे मी शेतकऱ्यांना गट नंबर विचारीत आलो. आणि त्या रात्री मी स्वतः उभा होतो ती जागा मला सांगता येईना. एवढ्यात बांधावरून बॅटरीचा उजेड हलला. गव्हाला पाणी धरलेला एक पोरगा आवाज ऐकून पळत आला होता. “काका, दगड आमच्या बांधालाच आहे,” म्हणत त्याने त्यावरचा आकडा घडाघडा सांगितला. शेतीला रात्रीची वीज देतात म्हणून मी आजवर पुष्कळ नावे ठेवली आहेत. त्या रात्री ठेवली नाहीत.

रुग्णवाहिका पस्तीस मिनिटांत आली. मित्राच्या तीन बरगड्या मोडल्या होत्या आणि एकीने फुप्फुसाला इजा केली होती. आणखी तासभर गेला असता तर अवघड होते, असे डॉक्टर म्हणाले. वहिनींना सात टाके पडले.

या प्रसंगानंतर मी त्या बटणाची सगळी कुळकथा शोधून काढली. ती तुम्हालाही ठाऊक असावी.

गाडीच्या आत एक लहान यंत्र असते. त्यात मोबाईलसारखे सिम असते आणि उपग्रहावरून जागा ओळखण्याची सोय असते. एअरबॅग उघडण्याइतका जोराचा धक्का बसला की यंत्र आपण होऊन फोन लावते. चालक बेशुद्ध असला तरी चालते. धक्का नसेल, पण कुणाला छातीत कळ आली किंवा आडरानात कुणी गाडी अडवली, तर बटण दाबून फोन लावता येतो. फोनबरोबर गाडी कुठे उभी आहे तेही कळवले जाते, आणि त्या सगळ्या यंत्रणेत मला हेच मोलाचे वाटते. घाबरलेल्या माणसाला पत्ता सांगता येत नाही, हे मी स्वतःवरून सांगतो.

अमेरिकेत जनरल मोटर्सने १९९६ मध्ये ‘ऑनस्टार’ नावाने ही सेवा सुरू केली, वर्गणी भरणाऱ्यांसाठी. तिथली एक गोष्ट आपण ध्यानात ठेवण्यासारखी आहे. सुरुवातीची यंत्रे जुन्या पद्धतीच्या मोबाईल जाळ्यावर चालत. २००८ च्या सुरुवातीला ते जाळे बंद झाले. ज्या जुन्या गाड्यांत नवे यंत्र बसवता येत नव्हते, त्यांच्या मालकांकडे बटण तेवढे उरले. युरोपीय संघाने निराळी वाट धरली. ३१ मार्च २०१८ पासून तिथे मंजुरीला येणाऱ्या मोटारी आणि हलक्या मालवाहू गाड्यांच्या प्रत्येक नव्या मॉडेलमध्ये ‘ई-कॉल’ सक्तीचा आहे. तिथे वर्गणी नाही. फोन थेट ११२ या सार्वजनिक क्रमांकाला लागतो आणि जागा, वेळ, गाडीची दिशा, इंधन कोणते, एवढी माहिती त्याबरोबर जाते. एरवी हे यंत्र झोपलेले असते, त्यामुळे गाडी कुठे कुठे फिरली याची नोंद कुणाकडे जात नाही. या सोयीमुळे ग्रामीण भागात मदत पोचण्याचा वेळ निम्म्यावर येईल, असा युरोपीय आयोगाचा अंदाज होता. शहरापेक्षा खेड्यात फायदा जास्त, हे लक्षात घ्या. शहरात आपटलेली गाडी दहा जण पाहतात. आपल्याकडे पाहणारा असतो तो गव्हाला पाणी धरलेला पोरगा, आणि तोही असलाच तर.

आपल्या देशात घरच्या मोटारीला हे बटण सक्तीचे नाही. बस, टॅक्सी अशा प्रवासी वाहतुकीच्या गाड्यांसाठी मात्र १ जानेवारी २०१९ पासून नव्याने नोंदणी होताना जागा कळवणारे यंत्र आणि संकटकाळचे बटण असावे, असा नियम आहे. रिक्षांना त्यातून वगळले आहे. पुढच्या वेळी प्रवासी गाडीत बसाल तेव्हा बटण कुठे आहे ते पोरीबाळींना दाखवून ठेवा. घरच्या मोटारींमध्ये वरच्या किमतीच्या मॉडेलना ही सोय गेल्या काही वर्षांत आली आहे. त्यांतल्या बहुतेकींचा फोन आधी कंपनीच्या केंद्रात जातो आणि तिथला माणूस पुढे पोलिसांना, रुग्णवाहिकेला किंवा घरच्यांना कळवतो. काही गाड्यांत वेगळे सिम नसतेच. २०१३ मध्ये आलेल्या फोर्ड इकोस्पोर्टच्या काही मॉडेलमध्ये ही सोय होती, पण ती आपल्याच खिशातल्या मोबाईलवरून चालायची. मोबाईल गाडीला जोडलेला नसेल तर फोन लागणार नाही. ती गाडी आता नवी मिळत नाही, पण जुन्या बाजारात अजून हिंडते आहे.

म्हणून माझे सांगणे असे की जुनी गाडी घेताना आपण टायर पाहतो, इंजिनाचा आवाज ऐकतो, दार उघडून पत्रा ठोकून बघतो, तसे हेही विचारायचे. बटण स्वतःच्या सिमवर चालते की मोबाईलवर? वर्गणी कुणाच्या नावावर आहे आणि ती कधी संपते? दलाल म्हणेल, “सगळं चालू आहे, साहेब.” त्याचे ऐकायचे नाही. आरसी बुक नावावर करून घेतो त्याच आठवड्यात कंपनीच्या ग्राहक क्रमांकाला फोन करून ही सेवाही नावावर करून घ्यायची.

काही गाड्यांत लाल बटणाशेजारी पान्ह्याचे चित्र असलेले दुसरे बटण असते. ते नादुरुस्त गाडीसाठी. बॅटरी उतरली, पंक्चर झाले, डिझेल संपले, किल्ली आत राहिली, तर माणूस येतो. गाडी जागेवर सुरू झाली नाही तर ठराविक किलोमीटरपर्यंत ओढून नेतात. अशी सोय पुष्कळदा गाडीच्या विम्यातही थोडे जादा पैसे भरून मिळते आणि पिकअपवाल्यांना तर तिचा उपयोग फार. पण आपला विम्याचा कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला असतो. पीकविम्याचा कागद आपण गारपीट झाल्यावर उघडतो, त्यातलीच ही गत. आज रात्री तो काढून वाचा. मालाची जबाबदारी मात्र बहुधा कुणी घेत नाही. चाळीस क्रेट टोमॅटो रस्त्यात अडले तर ते दुसऱ्या गाडीत भरून पुढे पाठवणे आपल्यालाच भाग आहे. तेव्हा वाटेवरच्या गावांतल्या दोन पिकअपवाल्यांचे नंबर लिहून ठेवावेत.

बटण नसलेल्यांनी हताश व्हायचे कारण नाही. ११२ हा पोलीस, अग्निशमन, रुग्णवाहिका या सगळ्यांसाठीचा एकच क्रमांक महाराष्ट्रात २०२१ पासून चालू आहे. आपल्या कंपनीची रेंज नसली, पण दुसऱ्या कंपनीचा मनोरा आसपास असला, तरी हा फोन लागू शकतो. १०८ ची रुग्णवाहिका तर २०१४ पासून आपल्या ओळखीची आहे. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३ लावा. गस्तीची गाडी, रुग्णवाहिका, क्रेन अशी मदत त्या क्रमांकावरून मिळते. समृद्धी महामार्ग राज्याच्या रस्ते विकास महामंडळाचा आहे, तेव्हा तिथे चढताना त्यांच्या फलकावरचा क्रमांक टिपून घ्यावा.

पण फोन कुठलाही लावा, तो उचलणारा माणूस तुमच्या गावचा नसतो. ११२ चा फोन नवी मुंबईत किंवा नागपुरात उचलला जातो. त्याला तुमचा म्हसोबाचा माळ आणि पाटलाची विहीर कशी माहीत असणार? मोबाईलच्या मनोऱ्यावरून जागेचा अंदाज लागतो, पण रानात मनोरे दूर दूर असतात, तेव्हा अंदाजही दोन-चार किलोमीटर इकडेतिकडे होतो. त्याला हवा असतो जिल्हा, तालुका, रस्ता आणि दगडावरचा आकडा. दगडाचा माथा पिवळा असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असेल तर राज्यमार्ग, नारिंगी असेल तर खेड्याचा रस्ता. कोणत्या बाजूला तोंड करून होता, किती माणसे जखमी आहेत, कुणी आत अडकले आहे का, तेही सांगा. आणि पलीकडचा माणूस ‘ठेवा’ म्हणेपर्यंत फोन ठेवू नका. आपली घाई इतकी की पत्ता अर्धा सांगून आपण फोन बंद करतो आणि लगेच मेव्हण्याला लावतो. इकडे केंद्रातून फोन येत असतो आणि आपला व्यस्त!

मदत येईपर्यंत गाडीच्या चारही बत्त्या लुकलुकत्या ठेवा, तिकोनी फलक निदान पन्नास मीटर मागे मांडा आणि माणसांना रस्त्याच्या बाहेर बांधावर बसवा. रस्त्यावर उभे राहून गाडीचे किती नुकसान झाले ते बघत बसू नका. दुसरी गाडी येऊन धडकते ती अशाच वेळी. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतायची आपल्याकडे वाईट खोड आहे. ते पाणी श्वासनलिकेत जाते. मान मुरगळून ओढाताणही करू नका. गाडीने पेट घेतला असेल तर मात्र माणसाला बाहेर काढावेच लागते.

ट्रॅक्टर-ट्रॉलीला असले कुठलेच बटण नाही. तिचे बटण म्हणजे मागचे लाल रिफ्लेक्टर, आणि ते गाळपाच्या हंगामात चिखलाने माखलेले असतात. ओल्या फडक्याने पुसायला अर्धा मिनिट लागतो. ट्रॉली बंद पडली की भोवती दगड मांडतात. ते ठीक आहे, पण ट्रॉली निघून जाते आणि दगड तिथेच राहतात. मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याने काय पाप केले?

आता त्या पोराबद्दल. तो मदत करून झाल्यावर हळूच म्हणाला, “काका, माझं नाव नका सांगू, पोलीस बोलावतील.” आपल्या लोकांच्या मनात ही भीती अजून आहे. ती आता बाळगायचे कारण नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये आणि नंतर २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्याने जखमीला मदत करणाऱ्याला संरक्षण दिले आहे. नाव सांगण्याची सक्ती त्याच्यावर करता येत नाही. पहिल्या तासाच्या आत गंभीर जखमीला इस्पितळात पोचवणाऱ्याच्या केंद्र सरकारी बक्षिसाची रक्कमही २०२५ मध्ये ५ हजारांवरून २५ हजार रुपये झाली. त्याच वर्षीच्या मे महिन्यात आणखी एक योजना लागू झाली. मोटार वाहनाच्या अपघातातल्या जखमीवर, रस्ता कोणताही असो, ठरवून दिलेल्या इस्पितळात सात दिवसांपर्यंत आणि दीड लाख रुपयांपर्यंत रोख पैसे न घेता उपचार व्हावेत अशी तरतूद तिच्यात आहे. दाखल करतानाच या योजनेचे नाव घेऊन विचारा. मी त्या रात्री विचारले नाही, कारण मला ठाऊकच नव्हते.

मित्र आता बरा आहे, पण कांद्याची गोणी उचलत नाही. गाडी दुरुस्त होऊन आल्यावर त्याने कंपनीला फोन केला, आरसी बुकाचा फोटो पाठवला, वर्गणी भरली आणि बटण चालते का ते बघायचे म्हणून आधी सांगून, खळ्यात गाडी उभी करून ते दाबले. छतातून एका बाईचा आवाज आला, “नमस्कार, आपल्याला काय मदत हवी आहे?” वहिनी बाजूला लसूण निवडत बसल्या होत्या. त्या दचकून म्हणाल्या, “अगं बाई, ही कोण?”